हमी कामाची की तरतुदीची?

दिवाळी सरली की जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडील आदिवासी कुटुंबे घरदार मागे टाकून, लेकराबाळांसह वसई, भिवंडी, कल्याण परिसरातील वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर उतरतात. हे दृश्य आम्हा सर्वांच्या इतके अंगवळणी पडले आहे की देशाच्या अर्थकारणाशी त्याचा काही संबंध असावा, असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. अर्थकारण म्हटले की आम्हांला विकासदर आठवतो. हा दर २०२३-२४ साली सात टक्क्यांहून अधिक होता आणि ती गोष्ट अभिमानाचीच आहे. परंतु त्याच वर्षीच्या श्रमबल पाहणीने आणखी एक आकडा दिला होता. देशातील एकूण काम करणाऱ्यांपैकी ४६.१ टक्के लोक शेतीवर अवलंबून होते. २०१८-१९ साली हेच प्रमाण ४२.५ टक्के होते. देश संपन्न होऊ लागला की माणसे शेतीतून कारखान्यांकडे जातात, असा जगाचा अनुभव आहे. आपल्याकडे या पाच वर्षांत प्रवाह उलट फिरला. शेतीच्या वाट्याला मात्र राष्ट्रीय उत्पन्नाचा पाचवा हिस्सादेखील येत नाही.

गरिबी घटली नाही, असे आमचे म्हणणे नाही. दररोज तीन डॉलरच्या मापाने मोजलेली भारतातील अतिदारिद्र्याची टक्केवारी २०११-१२ मधील २७.१ वरून २०२२-२३ मध्ये ५.३ वर आली, असे जागतिक बँकेने २०२५ साली जाहीर केले. (या दोन वर्षांच्या पाहण्यांची पद्धत एकसारखी नव्हती, हे येथे ध्यानात ठेवावे.) पण ज्या देशात सुमारे ८१ कोटी लोकांना मोफत धान्य देण्याची योजना जानेवारी २०२४ पासून आणखी पाच वर्षांसाठी वाढवावी लागते, तेथे दारिद्र्यरेषा ओलांडलेला माणूस त्या रेषेपासून फार दूर गेलेला नसतो. एखादे आजारपण किंवा एखादा कोरडा पावसाळा त्याला मागे खेचावयास पुरेसा असतो.

या पार्श्वभूमीवर संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात वर्षाला १०० ऐवजी १२५ दिवस कामाची हमी आहे. वरकरणी ही वाढच होय. मग चिंता कशाची, असे कुणीही विचारील. त्याचे उत्तर देण्यासाठी थोडे मागे, आपल्याच राज्यात जावे लागेल.

रोजगार हमी ही महाराष्ट्राने देशाला दिलेली कल्पना. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यातील विसापूर येथे तिचा पहिला प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर नेली गेली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. आपल्यापैकी जे नोकरदार रोज लोकलने मुंबई गाठतात, त्यांच्या पगारातून दरमहा व्यवसाय कराचे २०० रुपये कापले जातात. तो कर १९७५ साली बसविला गेला तो प्रामुख्याने याच योजनेसाठी. जेवढा कर जमेल तेवढीच भर राज्य सरकारने घालावयाची होती. शहरातील पगारदाराने दुष्काळी गावातील मजुराच्या चुलीचा भार अंशतः उचलावा, अशी ती सरळ व्यवस्था होती. किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे!

या कल्पनेत एक आर्थिक शहाणपण दडलेले होते. मंदी आली वा पाऊस हुकला की खासगी कामे आटतात आणि लोकांच्या हातातला पैसा संपतो. पैसा नाही म्हणून दुकानातली खरेदी थांबते आणि खरेदी थांबली म्हणून आणखी कामे जातात. हे चक्र तोडावयाचे तर नेमक्या त्याच वेळी सरकारने अधिक खर्च केला पाहिजे, असे स्थूल अर्थशास्त्र केन्सपासून सांगत आले आहे. अडचण अशी की सरकारला जाग येण्यास वेळ लागतो. रोजगार हमीत तो निर्णय सरकारच्या हाती नव्हताच. मजुराने काम मागितले की खर्च आपोआप वाढे. पीक चांगले आले की मागणी घटे आणि खर्चही घटे. मजुराच्या हाती आलेला रुपया साठून राहत नाही. तो आठवडी बाजारात तेल, मीठ, डाळ यांवर खर्च होतो आणि तिथल्या दुकानदारालाही जगवितो.

याचा पडताळा २०२० साली आला. एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे उत्पादन सुमारे एक चतुर्थांशाने कोसळले. शहरांतून पायी निघालेली माणसे गावी पोहोचली. २०२०-२१ या वर्षात सुमारे साडेसात कोटी कुटुंबांनी रोजगार हमीवर काम केले आणि खर्च एक लाख कोटी रुपयांच्या पुढे गेला. त्या वर्षीचा मूळ अर्थसंकल्प ६१,५०० कोटींचा होता. मागणी आली म्हणून तरतूद वाढवावी लागली.

नव्या कायद्याने नेमकी हीच साखळी बदलली आहे. यापुढे प्रत्येक राज्यासाठी वर्षाची रक्कम केंद्र सरकार आधीच ठरवील आणि त्यापलीकडचा खर्च राज्याने सोसावयाचा आहे. पूर्वी अकुशल मजुरीचा सारा भार केंद्राकडे होता. आता ईशान्येकडील व हिमालयातील राज्ये वगळता बहुतेक राज्यांना एकंदर खर्चाचा ४० टक्के वाटा द्यावयाचा आहे. शिवाय पेरणी-कापणीच्या हंगामात एकंदर ६० दिवसांपर्यंत कामे बंद ठेवता येतील. शेतकऱ्याला हंगामात मजूर मिळत नाहीत ही तक्रार खरी आहे आणि ती आम्हीही बागायतदारांकडून ऐकतो. तथापि भूमिहीन बाईची मजुरी वाढविण्याची ताकद त्या पर्यायी कामातच होती, हेही तितकेच खरे.

जुनी योजना निर्दोष होती, असे कुणी म्हणू नये. खोटी हजेरीपत्रके, महिनोन्‌महिने अडकलेली मजुरी, अर्धवट बंधारे हे सर्व आपण पाहिले आहे. १०० दिवसांची हमी असूनही प्रत्यक्षात कुटुंबाला देशभरात सरासरी पन्नासच्या आसपास दिवस काम मिळत असे. म्हणूनच १०० चे १२५ केल्याने फारसा फरक पडेल, असे आम्हांस वाटत नाही. जे पन्नास दिवस मिळत होते ते राहतील का, हा प्रश्न आहे. महाराष्ट्र शासनाने २०२५-२६ साली एकट्या लाडकी बहीण योजनेसाठी ३६,००० कोटी रुपये ठेवले होते. त्याच तिजोरीतून आता मजुरीचा ४० टक्के वाटाही काढावयाचा आहे. महिन्याला १,५०० रुपये मिळणारी भगिनी त्यावर नाराज असण्याचे कारण नाही. पण ती रक्कम शासन ठरविते, वाढविते किंवा कमी करते. काम मागण्याचा हक्क मात्र तिचा स्वतःचा होता.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली श्रमावर लिहिलेल्या परिपत्रकात 'अप्रत्यक्ष मालक' अशी एक संज्ञा वापरली आहे. मजुराला प्रत्यक्ष कामावर ठेवणारा तो मालक खराच. पण ज्याच्या धोरणांमुळे काम मिळते वा मिळत नाही ते राज्यही जबाबदारीतून सुटत नाही, असा तिचा आशय. जव्हारच्या पाड्यावरून वसईच्या वीटभट्टीवर आलेल्या कुटुंबाला दोन्ही मालक भेटतात. पहिल्याकडून उचल घेतलेली असते. दुसऱ्याकडे अर्ज करावा लागतो.

आमच्या ज्या सामाजिक कार्यकर्त्यांचा पाड्यांशी संबंध आहे, त्यांना म्हणूनच एक विनंती. कामाची मागणी तोंडी होऊ देऊ नका. लेखी अर्ज द्या आणि तारखेसह पोचपावती घ्या. काम न मिळाल्यास पंधरा दिवसांनंतर बेकारी भत्ता देण्याची तरतूद नव्या कायद्यातही आहे आणि ते पंधरा दिवस अर्जाच्या तारखेपासून मोजले जातात. पावती नसेल तर त्या गावात कुणी काम मागितलेच नव्हते, अशी नोंद राहते.