खोकला आणि खाडा

पावसाळा लागला की भिवंडी-इचलकरंजीच्या मागांवर ताप-खोकला फिरू लागतो. सूत तुटू नये म्हणून हवा दमट लागते, त्यामुळे अनेक शेडच्या खिडक्या बंदच असतात. मजुरी विणलेल्या कापडावर. मग फणफणलेला माणूसही ताप अंगावर काढत माग चालवतो आणि पाळी बदलताना तोच माग, तोच माठ, तोच पेला दुसऱ्याच्या हाती देतो.

मालक मास्क वाटतात, साबण ठेवतात, ते हवंच. पण फ्लूचा रुग्ण लक्षणांच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच-सात दिवस संसर्ग पसरवू शकतो. त्या दिवसांत घरी राहणं त्याला परवडलं पाहिजे. खाडा कापणारा मालक साथ स्वतःच पोसतो, असं आमचं स्पष्ट मत आहे.

कर्मचारी राज्य विमा योजनेत (ईएसआय) आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत 70 टक्के वेतन मिळतं. क्षयरोगासारख्या लांबलेल्या दुखण्यात 80 टक्के, तेही दोन वर्षांपर्यंत. मात्र त्यासाठी कामगाराचं नाव नोंदलेलं लागतं, आणि ती नोंदणी मालकाचीच जबाबदारी आहे. बदली कामगार तयार ठेवा, एक्झॉस्ट पंखे बसवा. पण आधी या महिन्यात सगळ्यांची नावं नोंदवा.