बेक्सहिलची पाणपोई

कूचबिहारचे महाराज नृपेंद्र नारायण १९११ साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, बेक्सहिल गावी वारले. बडोद्याच्या सयाजीरावांची लेक इंदिराराजे पुढे याच घराण्यात सून म्हणून गेली. महाराजांच्या स्मरणार्थ समुद्रकाठी एक पाणपोई उभी राहिली. वीसेक वर्षांनी गावाने तिथे मोठी सार्वजनिक वास्तू बांधायला घेतली, तेव्हा पाणपोई उचलून एका बागेत नेली.

ती वास्तू म्हणजे डी ला वॉर पॅव्हेलियन. गावचा महापौर, नववा अर्ल डी ला वॉर, उमराव असून समाजवादी. बांधायचं ते नगरपालिकेने आणि सर्वांसाठी, हा त्याचा हट्ट. स्पर्धेत दोनशेहून अधिक आराखडे आले. निवड झाली एरिक मेंडेलसन आणि सर्ज चर्मायेफ यांची. मेंडेलसन ज्यू, हिटलरमुळे जर्मनी सोडून आलेला. परक्यांना काम दिलं म्हणून ब्रिटिश फॅसिस्टांनी ओरड केली. गाव बधलं नाही. डिसेंबर १९३५ मध्ये वास्तू खुली झाली. खर्च सुमारे ८०,००० पौंड. वेल्डिंगने जोडलेला पोलादी सांगाडा तेव्हा इंग्लंडात नवलाचा होता. पण जीव जडावा असा तिथला जिना: अर्धगोल काचेच्या आत वळत वर जातो, आणि चढणाऱ्याला पावलोपावली समुद्र दिसत राहतो.

पुढची कथा आपल्याकडच्या कुठल्याही पालिका नाट्यगृहाची वाटावी अशी. खाऱ्या वाऱ्याने पोलाद गंजलं, पालिकेने डागडुजीवर भागवलं. १९८६ मध्ये वारसा यादीत पहिली श्रेणी मिळाली; गंजाला तिचं काय! तिजोरीत खडखडाट, तेव्हा वास्तू खासगी हातात देऊन मोकळं व्हावं, तिथे पब निघाला तरी चालेल, अशीही भाषा झाली. रहिवाशांनी १९८९ मध्ये न्यास काढून ती वाचवायचा ध्यास घेतला. त्यानंतरही सोळा वर्षं गेली. राष्ट्रीय लॉटरीतून आणि कला मंडळाकडून पैसा मिळाला, सुमारे ८० लाख पौंड खर्चून दुरुस्ती झाली आणि २००५ मध्ये पॅव्हेलियन कलाकेंद्र म्हणून उघडलं.

एवढा पैसा योग्य होता का? आमच्या मते होता. पालिकेने वेळच्या वेळी रंगरंगोटी, गळती, गंज पाहिला असता तर आकडा इतका फुगलाच नसता, हा दोष मात्र तिच्या पदरात टाकायलाच हवा. मोक्याची जागा विकून एकदाच पैसे आले असते आणि जिन्यावरून दिसणारा समुद्र गिऱ्हाइकांपुरता उरला असता. आज कलादालनात शिरायला तिकीट लागत नाही. लॉटरीची तिकिटं घेणाऱ्या साध्या माणसांच्या पैशातून ते उभं राहिलंय, तेव्हा हा त्यांचा हक्कच.

पाणपोईचा हिशेब मात्र राहिला. बागेतून ती दुरुस्तीसाठी म्हणून काढली, कोठारात ठेवली, आणि तिथून नाहीशी झाली.