वेगाची हौस, पण कोठे?

रात्री दुकान वाढवून झाले आणि वडिलांच्या मोटारीची किल्ली हाती आली, की गोंदिया-आमगाव रस्त्यावर मित्रांशी पैज लावण्याचा मोह एखाद्या तरुणास होतो. शासनाच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे गुन्हा आहे. चालक अल्पवयीन असल्यास पालकास वा गाडीमालकास ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. जिवाच्या धोक्याचा हिशेब तर निराळाच.

केवळ दटावून ही हौस जात नाही. तिला मैदान हवे. गोंदियाहून निघणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस जेथे विसावते, त्या कोल्हापुरात मोहिते रेसिंग अकॅडमीचा कार्टिंग ट्रॅक आहे. राष्ट्रीय रोटॅक्स स्पर्धेच्या फेऱ्या तेथे झाल्या आहेत. कार्ट म्हणजे जमिनीलगतची, स्प्रिंगविरहित छोटी गाडी. रोटॅक्सचे इंजिन अवघे १२५ सीसीचे. वळणापूर्वी ब्रेक कधी दाबावा, हे तीवरच नीट उमगते.

प्रारंभीच कार्ट विकत घेणे म्हणजे गिऱ्हाईक न पाहता माल भरणे होय. आधी भाड्याच्या कार्टवर फेऱ्या माराव्यात. पुढे टायर, इंजिनाची देखभाल आणि प्रवास यांतच पैसा जातो, किमतीत तितका नाही. राष्ट्रीय स्पर्धेसाठी मोटर स्पोर्ट्स फेडरेशनचा परवाना लागतो.

कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० च्या इंजिनावर स्वस्त शर्यती गाडी घडविली, ती 'फॉर्म्युला मारुती'. तीच चालवत पुढे आलेला नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरला.