बुलेटवरची दया आणि मूवलूरचा रस्ता

ऑफिसच्या ग्रुपवर पोस्टर येतं. मानवी तस्करीतून सुटलेल्या मुलींसाठी चॅरिटी बाइक राइड. नोंदणी केली की टी-शर्ट, शेवटी मेडल, आणि प्रत्येक किलोमीटरमागे एक देणगीदार शोधायचा. पोस्टरवर सावळ्या मुलीचा चेहरा, डोळे पुसट केलेले. घरात पहिली पदवी आणि पहिला पगार आणणाऱ्या आपल्यासारख्यांना अशा राइडला नाही म्हणणं जड जातं. काम चांगलं आहे, शिवाय मॅनेजरही येणार असतो. जायचं तर जा. पण आधी आयोजकांना विचारा, या मुली कोणत्या वस्तीतल्या? घरच्यांनी किती उचल घेतली होती, कुणाकडून? तो माणूस आज कुठे आहे?

पोस्टरवर यातलं काही नसतं. तिथला तस्कर म्हणजे अंधारातून आलेला कुणी अनोळखी राक्षस. त्याला गाव नाही, शेत नाही, वीटभट्टी नाही आणि जात तर नाहीच. मुलीलाही जात नाही. जात काढून टाकली की मागे उरते ती फक्त दया, आणि दयेला देणगी सहज मिळते.

अशा राइडसाठी मी एक रस्ता सुचवतो. तमिळनाडूत कुंभकोणमहून मयिलादुतुरैकडे जाणारा. तिरुविडैमरुदूर ओलांडलं की गोविंदपुरम् लागतं. तिथे विठ्ठल-रुक्मिणीचं भव्य मंदिर आहे. इतक्या लांब आपला पांडुरंग बघून मराठी माणसाचा ऊर भरून येतो. मग तंजावरच्या भोसल्यांची आठवण निघते, सरस्वती महालाची निघते. तिथल्याच राजवाड्याशी जोडलेल्या मंगळविलासची मात्र कुणी काढत नाही. राजाने ठेवलेल्या बायका तिथे राहत. अभिमानाच्या सहलीत ते ठिकाण बसत नाही.

गोविंदपुरम् सोडून त्याच रस्त्याने पुढे गेलात की मयिलादुतुरैच्या अलीकडे मूवलूर येतं. इथे राइड थांबवा. इथली रामामृतम् (1883–1962) लहान असताना आईने तिला एका दासीच्या हवाली केलं. मोबदला दहा रुपये आणि एक जुनी साडी, असं तिच्या चरित्रात सांगतात. आजच्या भाषेत ही सरळ मानवी तस्करीच. पण या बाईने कुणाच्या पोस्टरसाठी चेहरा दिला नाही. ती सभांमधून बोलली, काँग्रेस सोडून पेरियारांच्या आत्मसन्मान चळवळीत गेली, आणि 1936 मध्ये ‘दासिगळ मोसवलै’ ही कादंबरी लिहून देवाच्या नावाने चालणारा हा व्यवहार उघडा केला. मुलगी देवाला वाहिली म्हणायचं आणि तिचा उपभोग जमीनदाराने घ्यायचा, हे तिने छापून सांगितलं. त्याच वर्षी 16 जूनला मुंबईत दामोदर हॉलमध्ये बाबासाहेब मुरळ्या, जोगतिणी आणि देवदासींपुढे बोलत होते. दोन्हीकडे भाषा दयेची नव्हती. मद्रास प्रांताचा देवदासी समर्पणबंदीचा कायदा 1947 मध्ये आला, तो अशा बायकांनी सगळ्यांचे शिव्याशाप खाऊन लावून धरला म्हणून.

हाच कावेरीचा सुपीक प्रदेश पण्णैयाळांचा, म्हणजे जमीनदाराच्या शेताला पिढ्यान्पिढ्या बांधलेल्या दलित मजुरांचा. याच पट्ट्यात कीळवेण्मणीला 25 डिसेंबर 1968 रोजी, मजुरीच्या भांडणातून, 44 दलितांना एका झोपडीत जाळून मारलं. आरोपी जमीनदार पुढे उच्च न्यायालयातून सुटले. त्या झोपडीसाठी कुणी किलोमीटर मोजले नाहीत.

आपल्याकडेही वेगळं काय आहे? जून 2023 मध्ये धाराशिव जिल्ह्यात ढोकी पोलिसांनी विहिरी खोदणारे 11 मजूर सोडवले. दिवसभर विहिरीत राबवायचे आणि रात्री पळून जाऊ नयेत म्हणून साखळीने बांधायचे. दलालाने कामाच्या नावाखाली त्यांना तिथे पोचवलं होतं. हीसुद्धा तस्करीच आहे. पण विहिरीत उतरलेला चिखलाने माखलेला पुरुष पोस्टरवर चालत नाही.

संविधानाला हे कळत होतं. कलम 23 माणसांचा अपव्यापार आणि वेठबिगार यांना एकाच वाक्यात बंदी घालतं. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने उचलीचं कर्ज तिथल्या तिथे रद्द होतं आणि मुक्तीचा दाखला मिळाला की पुनर्वसनाचा हक्क लागू होतो. केंद्राच्या 2016 च्या योजनेत पुरुषाला 1 लाख, स्त्रिया आणि मुलांना 2 लाख, आणि तस्करी किंवा लैंगिक शोषणासारख्या अतिगंभीर प्रकरणात 3 लाख रुपये आहेत. राइडमधली बुलेट साधारण दोन लाखांना येते. म्हणजे एका बाईला सरकार जे देणं लागतं, ते त्या एका गाडीइतकं. पण पूर्ण रक्कम आरोपीला शिक्षा होण्याशी बांधलेली आहे. हातात लगेच पडायची ती तातडीची मदत 30,000 रुपयांपर्यंत. खटला वर्षानुवर्षं रेंगाळतो, आणि तोवर ती बाई त्याच मुकादमाकडे पुन्हा उचल मागायला जाते. या अटीविरुद्ध एखादी राइड निघालेली मी तरी पाहिलेली नाही.

निवारागृहांना पैसा लागतो, हे मान्य. तिथे भात शिजतो तो देणगीवरच. माझं भांडण त्या भाताशी नाही. ज्यांच्या भट्ट्या, गिरण्या आणि शेतं उचलीवर चालतात, त्यांच्यातलाच कुणी राइडला झेंडा दाखवू शकतो आणि कुणाला ते खटकत नाही, याच्याशी आहे.

आणि आपलं काय? आपल्या आज्यांनी, मावश्यांनी उचल घेतलेली आहे. मुकादमाची वही आपल्याला पोस्टरवरून शिकावी लागत नाही. आपल्याला अर्ज लिहिता येतो, कायद्याचं कलम वाचता येतं. सुटका झाली की एफआयआरमध्ये ॲट्रॉसिटी कायद्याचं 3(1)(ज) लागलं का, ते आपण पाहू शकतो. दलित-आदिवासींकडून वेठबिगारी करून घेणं हा त्याखाली गुन्हा आहे. मुलगी देवाला सोडली असेल तर तिथलंच 3(1)(ट). मुक्तीचा दाखला प्रांताकडून निघाला का, हेही विचारता येतं.

1976 च्या कायद्याच्या कलम 13 नुसार प्रत्येक जिल्ह्यात आणि उपविभागात दक्षता समिती असायला हवी, आणि तिच्यात अनुसूचित जाती-जमातींचे तीन सदस्य हवेत. तुमच्या जिल्ह्यात ते तिघे कोण आहेत? समितीची शेवटची बैठक कधी झाली, गेल्या पाच वर्षांत दाखले किती निघाले? माहितीच्या अधिकारात विचारा. अर्जाची फी दहा रुपये आहे.