पेल्याभोवतीचा सत्संग

अमेरिकेतील काही ख्रिस्ती तरुण मद्यगृहात जमून, बिअरचे पेले समोर ठेवून श्रद्धेची चर्चा करतात, हे वाचून आपल्याकडील सात्त्विक वाचक दचकेल. परंतु या प्रथेस वंशावळ आहे. मार्टिन ल्यूथरची पत्नी काथारिना घरीच बिअर तयार करीत असे. बेल्जममधील ट्रॅपिस्ट मठवासी आजही बिअर विकून मठाचा खर्च भागवितात. शिकागोच्या कॅथलिक धर्मप्रांतात १९८१ मध्ये ‘थिऑलॉजी ऑन टॅप’ हा उपक्रम सुरू झाला, तो तरुण जेथे बसतात तेथेच त्यांना गाठण्यासाठी.

अर्थशास्त्राच्या अध्यापकास मात्र प्रश्न पडतो तो प्रवेशमूल्याचा. ‘क्राफ्ट’ बिअर काही स्वस्त नसते. आणि ज्याने मोठ्या कष्टाने व्यसन सोडले, त्याला द्यावे लागणारे मूल्य तर डॉलरमध्ये मोजताच येत नाही. १९३५ मध्ये अ‍ॅक्रन येथे जन्मलेल्या ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’च्या सभा अनेकदा चर्चच्याच तळघरात भरतात. तेथे सक्तीची वर्गणी नसते, कॉफी मात्र असते. त्याच चर्चचा तरुण गट मद्यगृहात जमू लागला, तर तळघरातील विशीतल्या मुलाने सोबत शोधावयास कोठे जावे? पेल्यास आमचा विरोध नाही. पण दर दुसरी बैठक तरी चर्चच्या सभागृहात, कॉफीवर व्हावयास हवी.