विश्लेषण : एका दिवसात तीन वारसास्थळे, पाहायला वेळ किती?

विंडसर कॅसल, स्टोनहेंज आणि बाथ ही लंडनहून निघणारी एकदिवसीय बससहल पर्यटकांत लोकप्रिय आहे. जाहिरातीत तीन नावे ठळक असतात. बसमधले तास मात्र प्रवाशानेच मोजायचे. लंडन ते स्टोनहेंज हे अंतरच सुमारे १४० किलोमीटर. निम्मा दिवस रस्त्यावर जातो आणि एकेका ठिकाणी जेमतेम दीड-दोन तास मिळतात.

स्टोनहेंजला तेही अपुरे पडतात. बस थांबते ते व्हिजिटर सेंटर शिळांपासून सुमारे दोन किलोमीटरवर. पुढे शटल बस किंवा पायपीट. नेहमीच्या तिकिटावर वर्तुळाच्या आत जाता येत नाही, बाहेरूनच फेरी मारावी लागते. आत जायचे तर वेगळे आरक्षण हवे. इथल्या मोठ्या शिळा सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी उभ्या राहिल्या. लहान, निळसर शिळा तर दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या वेल्समधून आणल्या गेल्या. हे कुणी सांगितले नाही, तर दिसतात ते नुसते दगड. त्यामुळे गाइड खाली उतरून सोबत येतो की बसमध्येच बोलतो, हे पैसे भरण्यापूर्वी विचारलेले बरे.

वारही पाहावा. विंडसर कॅसल सहसा मंगळवारी-बुधवारी बंद असतो. तिथले सेंट जॉर्जेस चॅपल रविवारी पर्यटकांसाठी उघडत नाही. स्वस्त दरात प्रवेशशुल्क अनेकदा धरलेलेच नसते.

बाथला लंडनहून थेट रेल्वे आहे, सुमारे दीड तासाची. रोमन स्नानगृहासाठी तो दिवस वेगळा ठेवला, तर बससाठी दोनच ठिकाणे उरतात.