कंपवात : वय, तणनाशक आणि पित्ताची गोळी

परभणी जिल्ह्यातील पालम तालुका कापूस, सोयाबीन आणि तुरीचा. येथील माणूस साठी ओलांडली तरी शेतात राबत असतो. त्यामुळे त्याचा हात थरथरू लागला, चाल मंदावली, आवाज खोल गेला, की 'आता वय झाले' असे म्हणून घरचे लोक विषय मिटवतात. कंपवात अर्थात पार्किन्सन्स या व्याधीचे निदान ग्रामीण भागात उशिरा होते, त्याचे पहिले कारण हेच आहे. दुसरे कारण अंतराचे. पालमच्या रुग्णाला मेंदूविकारतज्ज्ञ गाठायचा तर परभणी किंवा नांदेडची वाट धरावी लागते, आणि नुसत्या थरथरीसाठी एवढा प्रवास कोणी सहसा करीत नाही.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरने १८१७ मध्ये या व्याधीचे सविस्तर वर्णन केले. मेंदूच्या तळाशी असलेल्या काही काळसर पेशी डोपामाइन हे रसायन तयार करतात. त्या नष्ट होत गेल्या की हालचालींवरील ताबा सुटू लागतो. लोकांना कंप तेवढा दिसतो. वास्तविक मंदपणा आणि स्नायूंचा ताठरपणा ही अधिक महत्त्वाची लक्षणे असून अनेक रुग्णांना कंप नसतोच. वास न येणे, जुनाट बद्धकोष्ठता, झोपेत हातपाय झाडणे ही चिन्हे तर कित्येक वर्षे आधीपासून असू शकतात.

वाढते वय हा सर्वांत मोठा धोका. पुरुषांत हे प्रमाण स्त्रियांच्या सुमारे दीडपट आढळते. थोड्या रुग्णांत दोष आनुवंशिक असतो. उरलेल्या बाह्य कारणांत शेतीतील विषांचे नाव वारंवार येते. पॅराक्वाट या तणनाशकाशी किंवा रोटेनोन या कीटकनाशकाशी संबंध आलेल्यांत कंपवाताचे प्रमाण सुमारे अडीचपट आढळल्याचे अमेरिकेतील एका अभ्यासाने २०११ मध्ये दाखविले. याचा अर्थ फवारणी करणाऱ्या प्रत्येकास हा आजार जडतो असा नव्हे. कार्यकारणभाव निर्विवाद सिद्ध झाला, असेही नव्हे. तथापि फ्रान्सने २०१२ मध्ये कीटकनाशकांच्या संपर्कातील शेतकामगारांचा कंपवात हा व्यावसायिक आजार मानला. युरोपीय संघात पॅराक्वाट २००७ पासून बंद आहे. केरळनेही २०११ मध्ये ते बंद केले. भारतात मात्र कापसासह काही पिकांसाठी त्याची नोंदणी झालेली आहे. खुरपणीला मजूर मिळेनासे झाल्यापासून तणनाशकाचा पंप पाठीवर चढला. हातमोजे व मुखपट्टीविना होणाऱ्या फवारणीने काय ओढवते, हे २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील विषबाधेच्या बळींनी दाखवून दिले. त्या मृत्यूंची दखल तरी घेतली गेली. वीस वर्षांनी हात थरथरू लागला, तर त्याचा संबंध पाठीवरच्या पंपाशी जोडणार कोण?

याहून जवळचा आणि टाळता येण्याजोगा धोका औषधाच्या दुकानात आहे. पित्तासाठी दिल्या जाणाऱ्या काही कॅप्सूलमध्ये पँटोप्रॅझोल किंवा रॅबेप्रॅझोलबरोबर लेव्होसल्पिराइड हे औषध असते. चक्कर येते म्हणून सिनारिझिन, उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड दिले जाते. ही औषधे डोपामाइनच्या कामात अडथळा आणतात. विशेषतः वयस्कर व्यक्तीने ती दीर्घकाळ घेतल्यास हुबेहूब कंपवातासारखी लक्षणे दिसू शकतात. डॉक्टरची चिठ्ठी पंधरा दिवसांची असते. पण तीच चिठ्ठी दाखवून, पुढे तर रिकामे पाकीट दाखवून, गोळी वर्षानुवर्षे आणली जाते. मग थरथरीसाठी आणखी एक गोळी सुरू होते. वस्तुतः मूळ औषध ओळखून डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबविले, तर बहुतेकांची लक्षणे काही आठवड्यांत वा महिन्यांत ओसरतात. 'कोणकोणत्या गोळ्या घेता?' या प्रश्नाला कोणतेही यंत्र लागत नाही. आरोग्य केंद्रातही तो विचारता येतो.

खऱ्या कंपवातावर १९६० च्या दशकाच्या अखेरीस आलेले लेव्होडोपा हेच आजही सर्वांत परिणामकारक औषध आहे. ते कार्बिडोपाच्या जोडीने दिले जाते. पेशींचा ऱ्हास त्याने थांबत नाही, परंतु रुग्ण स्वतः जेवू शकतो, चालू शकतो, आणि शेतकरी कुटुंबात याचे मोल मोठे आहे. गोळीची वेळ पाळावी लागते. डाळ-दुधातील प्रथिने तिच्या शोषणात आड येत असल्याने ती साधारणतः जेवणाआधी अर्धा तास घेण्यास सांगतात. मनाने ती एकदम बंद करणे धोक्याचे असते. आयुर्वेदात कंपवातासाठी वापरली जाणारी खाजकुइलीची बी निरर्थक नाही, कारण तिच्यात लेव्होडोपाच असते. म्हणूनच चूर्ण आणि गोळी दोन्ही चालू असल्याचे डॉक्टरांपासून लपविल्यास मात्रा जास्त होऊ शकते. नियमित व्यायामाचा उपयोग होतो. मेंदूत तारा बसवून विद्युत उत्तेजन देण्याची शस्त्रक्रिया निवडक रुग्णांनाच लागू पडते आणि तिचा खर्च काही लाखांत जातो.

शासकीय विमा योजनांचा भर रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांवर आहे. रोजच्या गोळीचा खर्च घरावरच पडतो. लेव्होडोपा-कार्बिडोपा आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे; ते तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात सातत्याने मिळाले, तर गोळ्या संपल्या म्हणून उपचार सुटणार नाहीत. परभणीत २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेथील डॉक्टर महिन्यातून एक दिवस पालमला बसले, तरी कोणाची थरथर वयाची, कोणाची गोळीची आणि कोणाची खऱ्या कंपवाताची, याची पहिली निवड गावाजवळच होऊ शकेल.